पाच मिनिटांची खिडकी

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि घरात औषधाच्या दोन चिमुकल्या बाटल्या आल्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही बोटाएवढ्या. फरक काय तो झाकणाच्या रंगाचा. दिवसातून चार वेळा दोन्हीतला एकेक थेंब, आणि दोन थेंबांच्या मधे निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची. कारण साधं आहे. खालच्या पापणीच्या आत जागा इतकी थोडी असते की एक थेंबसुद्धा तिथे धड मावत नाही. दुसरा लगोलग घातला की तो पहिल्याला वाहून नेतो आणि औषध डोळ्यात राहायचं ते गालावर येतं.

बाबा शिस्तीचे. पहिला थेंब घातला की डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसायचे आणि विचारायचे, "झाली का गं पाच मिनिटं?" झालेली नसायची. डोळे मिटलेल्या माणसाची दोन मिनिटं फार लांबतात, आणि कामात असलेल्या माणसाची पाच मिनिटं बघता बघता पंधरा होतात. पहिल्या आठवड्यात आमच्या दोघांच्या मिनिटांचा मेळ एकदाही बसला नाही.

आता कुणीही विचारेल, फोनमध्ये टायमर नसतो का? असतो. तो लावून देणं दहा सेकंदांचं काम होतं. पण मी तेव्हा तीन महिने पायथन नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिकत होते, आणि नवशिक्या माणूस औषध हातात घेऊन दुखणं शोधत फिरत असतो. खरं कारण तेवढंच. मला काहीतरी बनवायचं होतं आणि बाबांना पाच मिनिटं हवी होती.

तोवर मी लिहिलेले सगळे प्रोग्राम काळ्या खिडकीतले, जिथे नुसती अक्षरं दिसतात. संख्या सम की विषम, मनातला आकडा ओळखा, पाढे. असल्या प्रोग्रामांत सगळा अंमल लिहिणाऱ्याचा असतो. मी विचारणार, "नाव काय?" समोरचा नाव टाइप करेपर्यंत पुढची ओळ हलणार नाही. मग मी विचारणार, "वय?" त्याला आधी वय आणि मग नाव सांगायचं असेल तर तशी सोय नाही. वरून खाली, ओळीमागून ओळ, मी आखलेल्या वाटेनं. माझा पोटापाण्याचा धंदा हिशेबाचा. आधी व्हाउचर, मग जर्नल, मग खातेवही. हा क्रम अंगात इतका मुरलेला की प्रोग्रामिंग म्हणजे हेच, असं समजून मी खुशीत होते.

पायथनबरोबर टीकेइंटर नावाचा एक संच आयताच येतो. खिडक्या, बटनं, लिहायच्या चौकटी, सगळं त्यात. त्याच्या पोटात टीके नावाची जुनी व्यवस्था आहे. जॉन आउस्टरहाउट यांनी बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८८ साली टीसीएल ही छोटी भाषा केली आणि मग तिच्या जोडीला खिडक्यांसाठी टीके बांधलं. पायथननं पुढे ते उचललं. मी ज्या आयडल नावाच्या एडिटरमध्ये बसून हे शिकत होते तोही याच टीकेइंटरनं बांधलेला आहे, हे कळल्यावर मला सुताराच्या कामाचा बाक आठवला. तोही त्यानंच केलेला असतो.

दोन ओळी लिहिल्या आणि खिडकी उघडली. दोनशे पिक्सेल रुंद, दोनशे उंच, राखाडी, रिकामी. डोक्यावर नुसतं 'टीके' आणि कोपऱ्यात एक निळं पीस. ती काहीच करत नव्हती, तरी मी तिच्याशी बराच वेळ खेळले. कोपरा धरून ओढली, मोठी झाली. खाली दडवली, परत वर आणली. दुसऱ्या खिडकीमागे सरकवून पुढे काढली. यातलं काहीही मी लिहिलं नव्हतं. काळ्या खिडकीत जे घडायचं ते मी लिहिलं म्हणून घडायचं. इथे मी न लिहिलेलंच जास्त घडत होतं, आणि मला त्याचं कौतुक वाटत होतं. शंका यायला हवी होती.

शंका यायला वेळ लागला नाही. तीच फाइल आयडलच्या बाहेर, थेट डबलक्लिक करून चालवली तर खिडकी पापणी लवते तेवढा वेळ दिसून गायब. परत केलं, परत तेच. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. आयडल स्वतःच खिडक्यांचा प्रोग्राम असल्यानं तो माझी खिडकीही उपकारापोटी जिवंत ठेवत होता. बाहेर तिला वाली नव्हता. दोन ओळी संपल्या, प्रोग्राम संपला, खिडकी मिटली. तिसरी ओळ लागत होती: मेनलूप. पुस्तकातल्या उदाहरणात ती होती. मी ती वाचली होती आणि शेवटी लिहायचं आभारप्रदर्शन असावं तशी सोडून दिली होती.

मेनलूप म्हणजे काय, तर वाट पाहणं. माउस हलला, कळ दाबली, खिडकीचा कोपरा उघडा पडला, घड्याळानं हाक दिली: असल्या प्रत्येक गोष्टीची एक चिठ्ठी रांगेत येऊन पडते. मेनलूप एक चिठ्ठी उचलतो, तिच्यावर लिहिलेलं काम ज्याचं त्याला सांगतो, ते झालं की परत रांगेपाशी येतो. रांग रिकामी असेल तर स्वस्थ बसतो. माझा सगळा प्रोग्राम म्हणजे या बसलेल्या गड्याला आधी देऊन ठेवलेल्या सूचना. 'हे बटन दाबलं गेलं तर ते कर.' दाबलं गेलं तर. कधी, किती वेळा, कुठल्या क्रमानं, हे ठरवणारी मी कोणीच नाही. प्रोग्रामरांच्या बोलण्यात याला हॉलीवूडचा नियम म्हणतात: तुम्ही आम्हाला फोन करू नका, आम्ही तुम्हाला करू. ऐकताना गंमत वाटते. फोनची वाट बघत बसलेल्या माणसाला ती तितकी वाटत नाही.

हे मला कळलं असं मी वर लिहिलंय खरं, पण वाचून कळलं नाही. चुका करून कळलं, आणि पहिली चूक दोन कंसांची होती.

फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेलं एक काम, आणि पायथन ३ मध्ये त्याला देवनागरी नाव देता येतं. मी माझ्या फंक्शनचं नाव ठेवलं 'सुरू'. बटनाला सांगायचं होतं, तुला दाबलं की सुरू कर. मी लिहिलं: कमांड बरोबर सुरू, आणि पुढे दोन कंस, कारण फंक्शनच्या पुढे कंस द्यायचे असतात एवढं मला पक्कं पाठ होतं. प्रोग्राम चालवला तर कुणी काही दाबायच्या आधीच मोजणी चालू! आणि नंतर बटन कितीही दाबा, ढिम्म. कंस दिले की फंक्शन तिथल्या तिथे चालतं. मला बटनाजवळ एक फोन नंबर लिहून ठेवायचा होता. मी तो नंबर स्वतःच फिरवला, बोलून घेतलं आणि बटनाच्या हातात काही नाही ठेवलं. दोन कंस खोडले, झालं. ही चूक जवळजवळ प्रत्येक नवशिक्या करतो हे नंतर समजलं, आणि थोडं वाईट वाटलं. तोपर्यंत ती खास माझी होती.

दुसरी चूक मोठी. मोजणीसाठी मला ओळखीचं एकच हत्यार होतं: स्लीप. एक सेकंद झोप, आकडा एकनं कमी कर, परत झोप, असं तीनशे वेळा. काळ्या खिडकीत हे झकास चालायचं. बटन दाबलं. पाच मिनिटं शून्य सेकंद असा आकडा होता तो तसाच. बटनही दाबलेलं ते आत रुतूनच बसलं. खिडकी जरा बाजूला करावी म्हणून ओढायला गेले तर ती पांढुरकी पडली आणि माथ्यावर शब्द आले: नॉट रिस्पॉन्डिंग. आजवर ते शब्द मी दुसऱ्यांच्या प्रोग्रामवर पाहिले होते आणि ते लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात यथेच्छ बोलले होते. हात आखडून बसले. बरोबर पाच मिनिटांनी खिडकी दचकून जागी झाली आणि पाचवरून थेट शून्यावर आली. मधले दोनशे नव्याण्णव आकडे गिळून.

गंमत अशी की मोजणी अगदी अचूक झाली होती. फक्त ती कुणाला दिसली नव्हती. लेबलावर, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या पट्टीवर, नवा आकडा रंगवणं हीसुद्धा रांगेतली एक चिठ्ठीच असते. आणि रांगेपाशी बसणाऱ्या गड्याला मी माझ्या फंक्शनमध्ये बोलावून झोपवून ठेवलं होतं. चिठ्ठ्या साचत होत्या, उचलणारा नव्हता. विंडोज बाहेरून बघत असतं. एखाद्या खिडकीनं पाच सेकंद रांगेकडे ढुंकूनही पाहिलं नाही की ती अडकली असं धरून चालतं. पाच मिनिटांच्या कामात मला पाच सेकंदांची सवलत होती.

यावर एक झटपट उपाय सापडला: प्रत्येक झोपेनंतर खिडकीला 'अपडेट हो' म्हणून डिवचायचं. दोन दिवस तो वापरला. मग मधेच खिडकी बंद केली तर नसलेल्या लेबलावर लिहायला जाऊन प्रोग्राम कोसळला. उपाय गेला.

खरा उपाय आफ्टर नावाचा. त्याला सांगायचं, 'एक हजार मिलिसेकंदांनी या फंक्शनला हाक मार,' आणि आपण लगेच बाजूला व्हायचं. फंक्शन एक आकडा कमी करतं, पुढच्या हाकेची सोय लावतं आणि संपतं. मधला पाऊण-एक सेकंद गडी मोकळा असतो. खिडकी हलते, बटन वर येतं. लिहायला स्लीपपेक्षा दोनच शब्द जास्त. पण मला ते पचायला आठवडा लागला, कारण यात लूपच नाही. माझ्या हिशेबी डोक्याला 'तीनशे वेळा हे कर' असं एका जागी लिहिलेलं हवं होतं. इथे फंक्शन एकदाच चालतं, स्वतःच्या पुढच्या खेपेची चिठ्ठी टाकून निघून जातं, आणि तीनशे हा आकडा कुठेच दिसत नाही. एकदा हे उमगलं तेव्हा मात्र मी खुर्चीवरून उठून दोन खोल्यांत फेरी मारून आले.

मग आठ दिवस मी फक्त सजावट केली, हे कबूल करते. चार मिनिटं नऊ सेकंद हे '४:९' असं दिसायचं, ते '४:०९' केलं. आकडा बहात्तर पॉइंटांचा केला, शेवटच्या दहा सेकंदांत लाल होईल असा. पाठीमागचा रंग तीनदा बदलला. बटन एवढं मोठं केलं की डोळ्यावर पट्टी असतानाही चुकू नये.

बाबांच्या कॉम्प्युटरवर पायथन नव्हतं, म्हणून पायइन्स्टॉलरनं त्याची स्वतंत्र फाइल बांधली. माझ्या साठेक ओळी, आणि फाइल झाली दहा एमबीच्या आसपास, कारण तिच्यात पायथनचा सगळा संसार बरोबर बांधून न्यावा लागतो. ती उघडली तर निळा पडदा आला: विंडोजनं तुमच्या कॉम्प्युटरचं रक्षण केलं आहे, प्रकाशक अज्ञात. बाबांनी वाचून काढलं आणि माझ्याकडे बघितलं. "हे अज्ञात म्हणजे तू का?"

मी म्हटलं, हो.

बाबांनी बटन दाबलं. म्हणजे, दोनदा दाबलं. त्यांच्या मते कॉम्प्युटरवरची प्रत्येक गोष्ट डबलक्लिक करूनच उघडते, आणि इतक्या वर्षांत त्यांना कुणी चूक ठरवलेलं नाही. आकडा धावायला लागला. ४:५८, ४:५६, ४:५४. मी बघत उभी. बाबा म्हणाले, "आज वेळ लवकर जातोय."

एकदा दाबल्यावर हाकांची एक साखळी सुरू होत होती. दोनदा दाबल्यावर दोन. दोघी आपापल्या परीनं प्रामाणिक. दोघी सेकंदाला एकेक आकडा कमी करत होत्या. नशीब, ती रंगीत तालीम होती, डोळ्यात थेंब नव्हता. नाहीतर माझ्या पहिल्या प्रोग्रामनं अडीच मिनिटांतच दुसरा थेंब घालायला सांगितलं असतं, आणि तेही बहात्तर पॉइंटांत.

मी हे बटन शेकडो वेळा दाबलं होतं. दरवेळी एकदाच. लिहिणाऱ्याला आपली वाट माहीत असते, म्हणून ती सोडून इकडेतिकडे पाय पडत नाही. वापरणारा कुठूनही येतो. मी बाबांना "एकदाच दाबायचं" असं सांगू शकले असते, आणि खरं तर तोंडापर्यंत आलंही होतं. काळ्या खिडकीतली जुनी मालकीण अजून गेली नव्हती. पण डबलक्लिक ही त्यांची चूक नव्हती. त्यांनी जे केलं त्याचं काय करायचं हे मी गड्याला सांगून ठेवलं नव्हतं. मोजणी चालू असताना बटन बंद ठेवायचं, एवढी एक ओळ लागली.

ती लिहिता लिहिता दुसरंच काहीतरी दिसलं. भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं तर माझी पाच मिनिटं तीन-चार सेकंद उशिरा संपत होती. आफ्टर एक हजार मिलिसेकंदांच्या आत हाक मारत नाही एवढं खरं, पण बरोबर हजारालाच मारेल असं नाही. दरवेळी दहा-बारा मिलिसेकंद उशीर, आणि तो उशीर तीनशे वेळा साठत जाणारा. डोळ्याच्या थेंबाला याचा काडीचा फरक पडत नाही. पण जमाखर्चात चार रुपयांचा फरक राहिला तर मला झोप येत नाही, इथे तर सेकंद होते. उत्तर शोधताना लक्षात आलं की मी सेकंद मोजत होते, घड्याळ बघतच नव्हते. बटन दाबल्याक्षणी संपायची वेळ लिहून ठेवायची, आणि प्रत्येक हाकेला नुसतं विचारायचं, आता किती राहिलं? पायथनमध्ये त्यासाठी मोनोटॉनिक नावाचं घड्याळ आहे. त्याला दिवसाची वेळ कळत नाही, कुणी कॉम्प्युटरचं घड्याळ मागेपुढे केलं तरी फरक पडत नाही. ते फक्त पुढे जातं. हे केल्यावर हाक उशिरा आली तरी आकडा बरोबरच दिसायला लागला. मग मी मुद्दाम ती बटन बंद करायची ओळ काढून दोनदा दाबून पाहिलं. दोन साखळ्या चालू होत्या, पण दोघी एकाच घड्याळाकडे बघून एकच वेळ सांगत होत्या. ओळ परत घातली. तरी ती नसती तरी चाललं असतं, हे बघून फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी खरा थेंब. बाबांनी बटन दाबलं, थेंब घातला आणि डोळे मिटले.

मी आठ दिवस रंगवलेल्या आकड्यासमोर ते डोळे मिटून बसले होते. चार, तीन, दोन मिनिटं, शेवटचे दहा सेकंद लाल. सगळं अगदी ठरल्याप्रमाणे झालं. शून्य आलं. बाबा बसून राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "झाली का गं पाच मिनिटं?"

यावर मी काय बोलणार? आवाज. या प्रोग्रामला फक्त आवाज हवा होता, आणि तेवढाच नव्हता. टीकेची स्वतःची घंटा वाजवून पाहिली, ती इतकी सभ्य की शेजारच्या खुर्चीतही पोचली नसती. विंडोजवर पायथनचं विनसाउंड मिळतं. त्यातल्या बीपला किती हर्ट्झ आणि किती मिलिसेकंद ते सांगायचं. ३७ पासून ३२,७६७ हर्ट्झपर्यंत कुठलाही आकडा चालतो. माणसाचा कान वीस हजारांच्या आसपासच हात टेकतो. त्यावरची बारा हजार कुणासाठी ठेवलीत कोण जाणे. मी चार हजार दिले, चांगला कान टोचणारा आवाज. बाबांना तो नीट ऐकू येईना. वयाबरोबर आधी वरचे स्वर जातात. उतरत उतरत सातशेवर आलो तेव्हा त्यांनी मान डोलावली. बीप वाजत असताना खिडकी पुन्हा तेवढा वेळ गोठायची, कारण बीपही गड्याला धरून ठेवतं. म्हणून तीन छोटे बीप, मधे आफ्टर. आता हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

त्यानंतर मागण्या आल्या. मिनिटं बदलता यायला हवीत. मी एक चौकट दिली. बाबांचा कीबोर्ड मराठीवर होता, त्यांनी '५' टाइप केला, देवनागरी पाच. मी मनात म्हटलं, आता पडणार. नाही पडला. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या सामाईक यादीत, देवनागरी आकड्यांनाही त्यांची किंमत लावलेली असते, आणि लिहिलेल्याची संख्या करणारं पायथनचं इंट ती वाचतं. पाच म्हणजे पाच, मग तो कुठल्याही लिपीत लिहा. सगळ्या प्रवासात मी काहीही न करता बरोबर निघालेली ही एकमेव गोष्ट. मी दुसऱ्या खोलीत जाऊन '१२' पण करून पाहिले. चालले.

पण दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "तुझं बटन बिघडलं." त्यांनी चौकटीत लिहिलं होतं '५ मि.' बटन दाबलं की काहीच होत नव्हतं. ना आकडा, ना आवाज, ना कुठली तक्रार. मला हे फार लागलं. काळ्या खिडकीत चूक झाली की लाल-पिवळ्या ओळींचा आरडाओरडा व्हायचा, आणि मला त्याचा राग यायचा. खिडकीच्या प्रोग्रामात बटनामागचं फंक्शन कोसळलं तरी मेनलूप चालूच राहतो. तक्रार मागच्या काळ्या खिडकीत छापली जाते. आणि ती काळी खिडकी दिसायला बरी नाही म्हणून मी लपवून टाकली होती. व्हॅल्यूएरर, म्हणजे 'हा आकडा नाही' ही पायथनची तक्रार, बिचारा रोज येऊन सांगत होता, मीच दार लावून घेतलं होतं. आता आकडा कळला नाही तर चौकटीखाली मराठीत एक ओळ येते: फक्त आकडा लिहा. रिकामी चौकट, शून्य, उणे पाच, सगळं पाहून घेतलं. या तपासण्यांच्या ओळी मोजणीच्या ओळींपेक्षा जास्त झाल्या. हे सगळ्याच प्रोग्रामांत असं असतं असं म्हणतात; माझ्याकडे तेव्हा पुरावा म्हणून एकच प्रोग्राम होता.

शेवटची मागणी नोंदीची. सकाळचा थेंब घातला की नाही यावरून वाद व्हायला लागले होते. मोजणी पूर्ण झाली की तारीख, वेळ आणि 'पाच मिनिटं पूर्ण' एवढं एका फाइलमध्ये लिहायचं. पहिल्याच शब्दाला प्रोग्राम आडवा. फाइल कुठल्या अक्षरसंचानं उघडायची ते मी सांगितलं नव्हतं, म्हणून माझ्या विंडोजवर पायथननं जुना पाश्चात्त्य संच धरला होता. त्यात एकूण २५६ जागा, आणि त्यांतली एकही 'प'साठी नाही. यूटीएफ-८ म्हणून एक शब्द घातला, म्हणजे सगळ्या लिप्या मावणारा संच, आणि सुटलं. तिथे आमचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, इंग्रजीचं एक. जागा घेऊ दे. चालतं.

थेंब जेमतेम दीड महिना चालले. हळूहळू चाराचे तीन झाले, तिनाचे दोन, मग एक, मग बाटल्या गेल्या. प्रोग्रामचं काम संपलं. मी दुसरीकडे वळले, काहीतरी मोठं करायला घेतलं, ते अर्धवट राहिलं. ते वेगळं.

बऱ्याच दिवसांनी बाबांच्या कॉम्प्युटरवर काहीतरी शोधताना ती नोंदींची फाइल दिसली. सहज उघडली. थेंब बंद झाल्याची तारीख मला माहीत होती. त्याच्या खाली ओळी चालूच होत्या. रोज एक, संध्याकाळी साडेसहाच्या आसपास. पाच मिनिटं पूर्ण. पाच मिनिटं पूर्ण. एका रविवारी दोनदा.

विचारलं तर म्हणाले, "सवय लागली गं. डोळे मिटून बसतो. ते वाजलं की उठतो."

"आणि मधेच उठावंसं वाटलं तर?"

"उठता कुठे येतं? तुझ्या प्रोग्रामात थांबवायचं बटनच नाही. खिडकी बंद केली तर नोंद होत नाही."

खरंच नव्हतं. इतक्या मागण्या पुरवल्या, उणे पाचाची सोय केली, आणि थांबवायचं बटन माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आफ्टर दरवेळी एक पावती परत देतं. ती जपून ठेवली की लावलेली हाक रद्द करता येते. मी ती पावती पहिल्या दिवसापासून फेकून देत आले होते. तीन-चार ओळींचं काम.

"उद्या करून देते," मी म्हटलं.

"नको," बाबा म्हणाले. "मग मी बसणार नाही."